खोरगावच्या पाच गाड्या

१

कोकिळेच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. कागद घेतला, 'चि. कोकिळा हिस' एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. मला नेहमीच असं होतं. पुस्तकातलं पान तोंडपाठ म्हणता येतं, पण स्वतःचं एक वाक्य लिहायचं तर हात थांबतो.

पत्र लहानसंच होतं.

'सर, सा. न. मी चिखलीच्या कापूस खरेदी केंद्रावर कॉम्प्युटर चालवते हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या आठवड्यात एका माणसाची गाडी मी नंबर मोडून पुढे काढली, असा माझ्यावर आळ आला आहे. शनिवारी संस्थेची बैठक आहे. मला काढून टाकतील आणि कारण फलकावर लावतील. मग या गावात मला कोणी दारात उभं करणार नाही. लोक काय म्हणतात ते म्हणू द्या. तुम्हाला काय वाटतं तेवढं कळवा.'

कोकिळा माझी विद्यार्थिनी. चिखलीच्या शाळेत मी गणित शिकवत होतो. निवृत्त होऊन संग्रामपूरला घरी आलो आणि वेळ जावा म्हणून अकोल्याहून सी भाषेचं एक पुस्तक आणलं. कॉम्प्युटर माझ्याकडे नव्हता. मी कागदावर प्रोग्राम लिहायचो आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत तो चालवायचो. पोहण्याचं पुस्तक वाचून अंगणात हातपाय मारावेत, तसं ते ज्ञान. कोकिळेने बुलढाण्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला, तेव्हा अडलं की ती पत्र टाकून विचारायची. मी भीत भीत उत्तर द्यायचो आणि खाली लिहायचो, 'चूकभूल असेल, तपासून घेणे.'

या वेळी तिने प्रोग्रामबद्दल विचारलं नव्हतं. म्हणून तर अडलो. शेवटी कोरा कागद तसाच ठेवला, पिशवीत एक धोतर आणि ते पुस्तक घातलं, आणि खामगावमार्गे चिखलीची एसटी धरली.

संस्थेचे अध्यक्ष भगवानराव मला ओळखत होते. त्यांचा मुलगाही माझ्याच हाताखालून गेलेला.

"या सर, खुर्ची घ्या," ते म्हणाले. "कोकिळेसाठी आलात ना? मलेही बरं वाटत नाही. पण ऐकून घ्या."

त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची भांडणं व्हायची. लांबच्या गावचा शेतकरी मागे राहिला की त्याला मुक्काम पडायचा. म्हणून संस्थेने कॉम्प्युटर घेतला. नियम एकच. ज्याचं गाव लांब, त्याची गाडी आधी मापायची. अकोल्याच्या तुळशीराम नावाच्या इंजिनिअरने प्रोग्राम लिहून दिला आणि तो पुण्याला नोकरीवर गेला.

"त्या दिवशी नदीवरचा पूल खचला होता," भगवानराव म्हणाले. "दुसऱ्या कोणत्याच गावची गाडी आली नाही. फक्त खोरगावच्या पाच आल्या. प्रत ठरवणारा ग्रेडर आल्याशिवाय माप सुरू होत नाही. तो दुपारी उशिरा आला, तोवर पाचही गाड्यांची नोंद झाली होती. पहिली कडूबाची, दुसरी गोजरबाईची. शेवटची शेषरावची. अन् मापताना शेषराव दुसरा! गोजरबाई विधवा बाई, एकटी गाडी घेऊन आलेली. अंधार पडला, काटा बंद झाला, ती राहिली. बैलांपाशी थंडीत झोपली. दवानं कापूस ओला झाला अन् सकाळी प्रत खाली लागली."

"चूक झाली असेल," मी म्हणालो.

भगवानरावांनी चष्मा काढून पुसला.

"शेषराव कोण आहे, ठाऊक आहे तुम्हाले?"

"नाही."

"कोकिळेचा सख्खा मामा. अन् दुसऱ्या दिवशी तो तिच्या घरी तुपाचा डबा ठेवून गेला."

२

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. कोकिळा दारातच उभी होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला, मग तिने मान खाली घातली आणि स्टोव्हवर चहा ठेवला.

"शेषराव तुझा मामा आहे, हे तू लिहिलं नाहीस," मी म्हणालो. आवाज मला हवा होता त्याहून कोरडा निघाला.

"लिहिलं असतं तर तुम्ही ठरवूनच आला असता."

"आणि तुपाचा डबा?"

"आईने घेतला. मामा रिकाम्या हाताने कधी येत नाही, सर. पण या खेपेला जाताना म्हणाला, 'पोरीनं मामाची लाज राखली.' मला कळेना, कशाची लाज."

मी काम कसं चालतं ते विचारलं. तिने यंत्रावरचं कापड काढलं. फाटकावर गाडीला नंबर मिळतो. ती तो नंबर आणि गाव टाइप करते. काटा रिकामा झाला की एक कळ दाबते. पडद्यावर पुढचा नंबर येतो. तो चिठ्ठीवर लिहून ती खिडकीतून रंगरावला देते. रंगराव काट्यावरचा माणूस. तो नंबर पुकारतो.

"मागचा नंबर पुढे काढायची काही सोय?"

"तशी कळच नाही."

"गाव चुकीचं घातलं तर? जवळच्या माणसापुढे लांबचं गाव घातलं तर?"

चहा उतू जायला आला तेव्हा तिने स्टोव्ह बारीक केला.

"तर नंबर आधी येतो, सर."

खोट्या माणसाने हे सांगितलं नसतं, असं कोणी म्हणेल. पण हुशार खोट्या माणसाने सांगितलंही असतं. मी तिला शाळेत पाहिलेलं. ती हुशार होती.

"मी घातलं नाही," ती म्हणाली आणि कप माझ्यापुढे ठेवला.

मी चहा प्यालो आणि काहीच बोललो नाही. तिने आणखी वाट पाहिली. मग आपला कप उचलून खिडकीपाशी गेली.

३

काट्याजवळ रंगराव कापसाच्या गाठोड्यावर बसून विडी ओढत होता. शेजारच्या गाडीत राहिलेला कापूस घेऊन आलेली गोजरबाई होती. काळी, काटक, डोक्यावरून पदर घट्ट बांधलेला.

"रंगराव, चिठ्ठी बदलता येते का?" मी विचारलं. अशा गोष्टी आडवळणाने कशा विचारतात ते मला कधी जमलं नाही.

"येते ना," रंगराव हसला. "मले वाचता आलं असतं तं बदलली असती, मास्तर. म्या निसते आकडे वळखतो. पोरगी चिठ्ठी देते, म्या वरडतो."

"त्या दिवशी कोणते आकडे पुकारले?"

"पह्यले येक. कडूबा. मंग पाच, शेषराव. मंग चार, उकंडराव. मंग तीन, नारायणराव. मंग दिवस बुडाला."

गोजरबाई गाडीतून खाली उतरली.

"मास्तर, तुमची पोट्टी लय शिकेल हाय म्हन्तात. मले दोनच आकडे येतात. येक अन् दोन. कडूबा येक, मी दोन. आता तुमीच सांगा, येकाच्या मांगून दोन येते का पाच?"

"दोन," मी म्हणालो.

"हाव ना! मंग हे तुमच्या यंत्राले काऊन समजत नाही?"

रंगराव खो खो हसला. गोजरबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने विडी टाकून दिली. मग ती जरा जवळ आली आणि हळू बोलली.

"तिले काढू नका म्हना. त्या राती घरची चादर आनून तिनंच मले पांघरली. मी शिव्या देल्या तिले, तरी पांघरली. माही भाकर तिनं खाल्ली असती तं भाकर मागितली असती मी. तिच्या पोटावर नाही येनार."

शेषराव मला मोंढ्याच्या कोपऱ्यावरल्या चहाच्या टपरीवर सापडला. पागोटं सैल, मिशा भरघोस. मी नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला.

"तुम्ही कोकिळेला सांगितलं होतं, माझी गाडी पुढे घे म्हणून?"

"छ्या! म्या कायले सांगू? बैलाचा पाय दुखावला, म्हून मी पार मांगं राह्यलो. फाटकावर नंबर घेतला अन् झोपलो गाडीखाली. रंगरावनं पुकारलं तवा धडपडून उठलो."

"मग तूप?"

शेषराव लाजला. एवढा मोठा माणूस, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"मास्तर, पाचवा मानूस दुसरा होते तवा त्याले काय वाटन? मले वाटलं, भाचीनं मामाले पाह्यलं. आजवर मले कोनी पुढं घेतलं नाही कुठंच. इथंच बसून समद्यायले सांगितलं म्या, माही भाची हाय तिथं! तूप घेऊन गेलो. तिनं काही केलंच नसन तं..." तो थांबला. "मंग त्या पोरीवर आळ म्याच आनला का?"

आळ कसा पसरला ते कळलं होतं. पण गाडी पुढे कशी आली, ते याने सुटत नव्हतं.

मी उतरलो होतो त्या लॉजवर परत येताना आकडे मनात घोळवत होतो. एक, पाच, चार, तीन. समजा, कोकिळेने मामाच्या नंबरापुढे लांबचं गाव घातलं. मग काय झालं असतं? ग्रेडर यायच्या आधीच पाचही नोंदी झाल्या होत्या. म्हणजे मामा कडूबाच्याही आधी, अगदी पहिला आला असता. तो पहिला आला नव्हता. आणि उकंडराव? त्याचा कोकिळेशी संबंध काय? तो चौथा असून तिसरा मापला गेला. मामाला पुढे काढायला एक लबाडी पुरे होती. इथे पहिला सोडून सगळी ओळ उलटी झाली होती.

एवढी उठाठेव कोणी का करेल? आणि केली नसेल कोणी, तर ओळ उलटली कशी?

४

मी परत केंद्रावर गेलो आणि कोकिळेकडून तुळशीरामचा प्रोग्राम छापून घेतला. लांबच लांब कागद, दोन्ही कडांना भोकं.

प्रोग्राम छोटा होता, कारण मुख्य काम त्याने स्वतः लिहिलंच नव्हतं. त्याने एक तयार लायब्ररी घेतली होती, बाकीचा सगळा कागद तिच्याच ओळींनी भरला होता. कोण्या परक्या माणसाने आधीच लिहून ठेवलेलं, कोणीही आपल्या कामाला जोडावं असं. कोणाचा हक्क आधी ते ठरवून एकेकाला बाहेर काढणं हे त्या लायब्ररीचं काम. दोन गाड्यांत लांबची कोणती, एवढं सांगणारं छोटं फंक्शन आपण लिहून द्यायचं. तुळशीरामने ते दिलं होतं आणि ते बरोबर होतं. दहा वेळा वाचलं, चूक सापडेना. माझं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही, असं वाटू लागलं.

मग मी माझी जुनी रीत धरली. दिवेलागणीला लॉजच्या मालकाकडून कापसाची पाच बोंडं मागून आणली, त्यांवर शाईने एक ते पाच आकडे घातले आणि खाटेवर मांडून एकेका ओळीवर बोट ठेवत लायब्ररी चालवली.

ही लायब्ररी रांग लावत नाही. ती ढीग रचते. वर एक, त्याच्या खाली दोन, त्या दोघांच्या खाली आणखी. खालच्याचा हक्क वरच्याहून मोठा नसावा, एवढाच तिचा नियम. मी वरचं पहिलं बोंड उचललं. जागा रिकामी झाली. आता तिथे कोण? मला वाटत होतं, दुसरं येईल. पण ओळ सांगत होती, सगळ्यात शेवटचं उचल आणि वर ठेव. मी पाचवं वर ठेवलं. पुढची ओळ म्हणाली, खालच्या दोघांशी ताडून बघ. त्यांतलं एखादं जास्त लांबचं असेल तर अदलाबदल कर.

आणि सारखंच असेल तर?

सारखं असेल तर काहीच करायचं नव्हतं. पाचवं वरच राहिलं. पुढच्या वेळी तेच बाहेर आलं. मग चौथं वर गेलं. मग तिसरं. शेवटी खाटेवर एकच बोंड उरलं. दुसरं.

रोज वेगवेगळ्या गावांच्या गाड्या यायच्या, त्यामुळे हे दिसत नव्हतं. कुरबूर झाली तरी लोक म्हणायचे, त्याचं गाव लांब असेल. पूल खचला, एकाच गावच्या गाड्या उरल्या, तेव्हा ते उघडं पडलं. तुळशीरामचीही चूक म्हणवत नव्हती. लांबचा आधी, हे त्याला सांगितलं गेलं. पण सारख्या लांबचे दोघे असतील तर आधी आलेला आधी, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. इकडे एका गावच्या गाड्या मिळून निघतात, मिळून येतात, आणि काट्यावर आपसात आलेल्या क्रमाने लागतात. ही सांगायची गोष्ट आहे, असं कोणाच्या मनातही आलं नसणार.

मला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. मी आयुष्यात एकही प्रोग्राम खऱ्या यंत्रावर चालवला नव्हता. अंगणात हातपाय मारणारा मी. बैठकीत सगळ्यांसमोर यंत्राने वेगळेच आकडे दाखवले तर मी कोकिळेला वाचवायला येऊन तिलाच बुडवणार होतो.

५

शनिवारच्या बैठकीला मी बोंडं खिशात घालून उभा राहिलो. भगवानराव, संस्थेची पाच-सहा माणसं, रंगराव, गोजरबाई, शेषराव, सगळे कॉम्प्युटरच्या खोलीत दाटीवाटीने उभे होते. दाराबाहेर चपलांचा खच पडला होता.

"कोकिळेने बाहेर थांबावं," मी म्हणालो. "यंत्राला तिचा हात लागता कामा नये."

ती बाहेर गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती.

कळा भगवानरावांनी स्वतः दाबल्या. एकेक बोटाने, अक्षर शोधत. नंबर एक, खोरगाव. नंबर दोन, खोरगाव. असे पाच. गोजरबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"आता पुढचा नंबर मागा," मी म्हणालो.

पडद्यावर एक आला. रंगरावने सवयीने मोठ्यांदा पुकारला. कोणीतरी हसलं.

"पुन्हा."

मी डोळे मिटले.

"पाच!" रंगराव ओरडला. मग त्याचा आवाज खाली आला. "चार... तीन..."

शेवटच्या वेळी तो पुकारायचं विसरला. गोजरबाईने पडद्याला बोट लावलं.

"हा दोन हाय ना? माहा आकडा! म्हंजे मले त्या पोरीनं नाही, ह्या डबड्यानं बसवलं व्हय?"

मी बोंडं टेबलावर मांडून सगळं समजावून सांगितलं. अडखळलो, दोनदा चुकून परत सुरुवात केली, पण कोणी मध्ये बोललं नाही. मग कोकिळेला आत बोलावलं. तुळशीरामच्या फंक्शनमध्ये एक ओळ घालायची होती. अंतर सारखं असेल तर ज्याचा नंबर लहान तो आधी. मी कागदावर लिहून दिली, तिने टाइप केली. अर्धविराम मी विसरलो होतो, तो तिने काही न बोलता घातला.

पुन्हा पाच नोंदी झाल्या. एक, दोन, तीन, चार, पाच.

भगवानरावांनी खिशातून फलकावर लावायचा कागद काढला आणि फाडला. "पोरी, आमचं चुकलं," ते म्हणाले. शेषराव कोपऱ्यात पागोट्याच्या शेवाने डोळे पुसत होता. गोजरबाई त्याच्याकडे वळली.

"रडून कायले राह्यला बे? तूप इकडं आन. थंडीत मी झोपली होती."

६

कोकिळा मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. खामगावची गाडी लागलेली होती. तिने माझी पिशवी खिडकीतून सीटवर ठेवली.

"सर, माझ्या पत्राचं उत्तर नाही आलं."

"मी आलो ना."

"आलात. यंत्राचं काय ते सगळ्यांना दाखवलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही." तिने खिडकीचा गज धरला. "पण मी यंत्राबद्दल विचारलं नव्हतं. त्या दिवशी चहा पिताना वाटलं, आता सांगाल."

कंडक्टरने घंटी मारली. मी काहीतरी पुटपुटलो. तिला ऐकू गेलं नसावं, कारण मलाच ते कळलं नाही.

संग्रामपूरला आल्यावर लिहायला बसलो. पहिल्या पत्रात लिहिलं, 'माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास होताच.' ते फाडलं. दुसऱ्यातही तेच, जरा चांगल्या शब्दांत. तेही फाडलं. बरेच दिवस असे गेले. शेवटी जे लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो.

'चि. कोकिळा हिस, अनेक आशीर्वाद. तू विचारलं होतंस, मला काय वाटतं. पत्र आलं तेव्हा वाटलं, तू असं करणार नाहीस. भगवानरावांनी मामाचं आणि तुपाचं सांगितलं तेव्हा वाटलं, केलं असशील. तुझ्यासमोर बसून तुझा चहा प्यालो, तेव्हाही तसंच वाटत होतं. तुला ते कळलं असणार. सगळं उलगडल्यावर विश्वास होता म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही, आणि तू खरं विचारलं होतंस. एक मात्र मला तेव्हाही माहीत होतं. तू ते केलं असतंस, तरी मी त्या दिवशीची परतीची गाडी धरली नसती. शनिवारी तुझ्या शेजारी उभा राहिलो असतो. काय बोललो असतो ते ठाऊक नाही. याहून जास्त खात्रीचं माझ्याकडे काही नाही.'

'चूकभूल असेल' हे लिहायला हात गेला होता. लिहिलं नाही.

पाकिटाला तिकीट लावलं आणि भर दुपारी पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरून उभा होतो. मागे एक बाई मनिऑर्डरचा फॉर्म घेऊन थांबली होती. "टाका की हो, आजोबा," ती म्हणाली.

मी टाकलं.